उथळ पाण्यातला नांगर: डोंगा जागेवर कसा धरावा, नांगराची निगा कशी ठेवावी आणि त्याचा आवाज कसा कमी करावा

पांढुर्णा / सौंसर : समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरी नांगर या भागाला नवा नाही. जाम आणि कन्हानचे डोह, मोहगावचा जलाशय, छिंदवाड्याकडे पेंचवरचं माचागोरा धरण, हद्दीपलीकडे मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, या सगळ्या पाण्यांवर डोंगा चालतो. अन् जिथे डोंगा चालतो तिथे तो थांबवावाही लागतो. कुणी बांबू रोवतो, कुणी दोराला दगड बांधून सोडतो, कुणी लोहाराकडून चार आकड्यांचा नांगर करून घेतो.

मराठीत शेतातलं अवजार आणि नावेचं अवजार दोघांचं नाव एकच आहे : नांगर. एक माती उकरतो, दुसरा माती धरतो. शेताच्या नांगराची निगा घरातलं पोरगंही सांगेल. पाण्यातल्या नांगराकडे मात्र तो तुटेपर्यंत किंवा हरवेपर्यंत कोणी पाहत नाही. त्यात दोन प्रकारचं नुकसान होतं. नांगर खडखडला की हाती येणारा मासा निघून जातो. नांगर चुकीच्या जागी बांधला किंवा अडकला की डोंगा उलटतो. पहिल्यात दिवसाची कमाई जाते, दुसऱ्यात माणूस जातो. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

उथळ पाणी म्हणजे किती?

साधारण 3 ते 10 फूट पाण्याला इथे उथळ धरलं आहे. जलाशयाचा काठ, नाल्याचं तोंड, बुडालेल्या शेताचे बांध, नदीच्या डोहाची कड हा तो भाग. रब्बीच्या पाळ्या सुटल्या की धरणाचं पाणी उतरतं आणि दिवाळीत 15 फूट असलेली जागा होळीपर्यंत 5 फुटांवर येते. त्यामुळे एकाच जागी वर्षभर एकच नांगर चालेल असं होत नाही.

तळही सगळीकडे सारखा नसतो. पांढुर्ण्याकडे काळ्या पाषाणावरची काळी माती. पाण्याखाली तिचा लोण्यासारखा गाळ होतो. नदीत वाळू आणि गोटे. धरणाच्या पोटात जुन्या झाडांचे बुंधे, विहिरींचे काठ, तारेची कुंपणं. गाळात खुंटा उत्तम, वाळूत आकड्यांचा नांगर उत्तम. गोट्यांच्या तळावर दोन्ही फसतात, तिथे नुसतं वजन कामाला येतं.

नांगराचे चार प्रकार

*1. खुंटा किंवा बल्ली.* बांबू तळात रोवायचा आणि डोंगा त्याला बांधायचा. पाण्याची खोली, अधिक गाळातले 2 फूट, अधिक पाण्यावरचे 3 फूट, एवढी लांबी लागते. म्हणजे 5 फूट पाण्यासाठी 10 फुटांचा बांबू. एक खुंटा लावला तर डोंगा त्याच्याभोवती फिरत राहतो. एक पुढे आणि एक मागे लावला तर तो जागचा हलत नाही. फेकजाळं टाकणाऱ्याला आणि गळ लावून बसणाऱ्याला हाच प्रकार सोयीचा.

*2. वजनाचा नांगर.* दगड, वाळूची पिशवी किंवा सिमेंटचा गोळा. हा तळात रुतण्यावर कमी आणि स्वतःच्या वजनावर जास्त धरतो. घमेल्यात सिमेंट-गिट्टी ओतून मधोमध जाड सळईचा गोल कडा रोवला की छत्रीच्या आकाराचा गोळा तयार होतो. गाळात तो साध्या दगडापेक्षा चांगला बसतो.

*3. आकड्यांचा नांगर.* मधला दांडा आणि खाली चार वाकडे आकडे. वजन कमी असलं तरी आकडा रुतला की पकड मोठी. बुंध्यात किंवा तारेत अडकण्याचा धोकाही यालाच सगळ्यात जास्त.

*4. यंत्राचा खुंटा.* अमेरिकेत फ्लोरिडाच्या उथळ खाड्यांत गळानं मासे धरणारे लोक नावेच्या मागच्या बाजूला यांत्रिक खुंटा बसवतात. बटण दाबलं की फायबरचा दांडा तळात उतरतो, पुन्हा दाबलं की वर येतो. पॉवर-पोल हा तेलाच्या दाबावर चालणारा, तर टॅलन विजेच्या मोटरवर चालणारा. काम मात्र आपल्या बांबूचंच.

काठावरचे 10 किलो पाण्यात किती?

दगड उचलताना जड लागतो म्हणून तो पाण्यातही तेवढाच जड राहील ही समजूत चुकीची आहे. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढं तिचं वजन पाण्यात घटतं. कोरडं वजन 10 किलो धरलं तर पाण्याखाली अंदाजे एवढं उरतं :

- लोखंड : सुमारे 8.7 किलो
- काळा पाषाण : सुमारे 6.5 किलो
- वाळू : सुमारे 6.2 किलो
- सिमेंट-काँक्रीट : सुमारे 5.8 किलो
- भाजलेली वीट : निम्म्याच्या आसपास

म्हणजे 10 किलो लोखंडाचं काम काँक्रीटकडून करून घ्यायचं तर 15 किलोचा गोळा लागतो. सौंसरच्या नावानं भूशास्त्रात खडकांचा एक गटच ओळखला जातो, सौंसर गट. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातलं मँगनीज याच खडकांत सापडतं. त्या खडकाचा काळा तुकडा हातात घेतला की साध्या दगडापेक्षा जड लागतो. कारण तेच : एवढ्याशा जागेत जास्त वजन.

आता वाऱ्याचा जोर पाहू. 14 फुटांचा डोंगा आणि वर दोन माणसं. ताशी 20 किलोमीटरचा वारा आडवा लागला तर डोंग्यावर साधारण 4 ते 5 किलोचा ढकल येतो. तोच डोंगा वाऱ्याला तोंड करून उभा असला तर दीड-दोन किलोवर भागतं. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. 40 किलोमीटरच्या वाऱ्यात आडव्या डोंग्यावर 16 ते 20 किलोचा जोर येतो. गुळगुळीत तळावर 10 किलोचा दगड जेमतेम 3 किलोचा ओढा धरू शकतो. म्हणून मे महिन्याच्या वावटळीत दगडाच्या भरवशावर बसू नये आणि डोंगा नेहमी तोंडाकडूनच बांधावा.

दोर किती सोडायचा?

आकड्यांचा नांगर धरतो तो आडव्या ओढीवर. दोर उभा राहिला की आकडा रुतण्याऐवजी उपटला जातो. यासाठी पाण्याची खोली आणि डोंग्याच्या काठाची उंची यांची बेरीज करायची आणि तिच्या पटीत दोर सोडायचा. पाणी 6 फूट आणि काठ 1 फूट, म्हणजे 7 फूट. शांत हवेत तिप्पट म्हणजे 21 फूट, नेहमीच्या वाऱ्यात पाचपट म्हणजे 35 फूट, जोराच्या वाऱ्यात सातपट म्हणजे 49 फूट.

35 फूट दोरावर डोंगा जवळजवळ तेवढ्याच अंतराचा फेरा मारू शकतो. वारा फिरला की तो सत्तर-एक फुटांच्या घेरात कुठेही जाईल. शेजारी दुसऱ्याचं जाळं असेल तर भांडण ठरलेलं. अशा दाटीच्या जागी आकडा नको, दोन खुंटे बरे.

दोराची जातही पाहावी. बाजारात मिळणारा हलका, चमकदार प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो. तरंगणारा दोर वल्ह्यात आणि इंजिनाच्या पंख्यात गुंततो. नायलॉनचा दोर बुडतो, ताणला जातो आणि लाटेचा झटका पोटात घेतो. म्हणून नांगराला नायलॉन बरा. ओला झाल्यावर नायलॉनची ताकद थोडी घटते. त्यामुळे बोटाएवढ्या जाडीचा दोर घ्यावा. बारीक दोर ताकदीला पुरला तरी ओढताना हात कापतो.

मासा ऐकतो कसा?

माशाला बाहेर कान दिसत नाहीत, पण तो ऐकतो आणि चांगलं ऐकतो. रोहू, कतला, मृगळ आणि मागूर यांच्या शरीरात हवेची पिशवी असते. ही पिशवी आतल्या कानाशी बारीक हाडांच्या साखळीनं जोडलेली असते. पाण्यातल्या कंपानं पिशवी थरथरते आणि ती थरथर हाडांतून कानापर्यंत जाते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी 1820 साली या हाडांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना वेबरची हाडं म्हणतात. मरळीला ही साखळी नाही. पण तिच्याही अंगावर दोन्ही कुशींना एक संवेदनशील रेघ असते आणि जवळच्या पाण्याची हालचाल त्या रेघेला लगेच कळते.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पाण्यात तो जवळपास दीड किलोमीटर जातो, म्हणजे चौपटीहून जास्त वेगानं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळाच परत फिरतो, फार थोडा खाली उतरतो. म्हणून दोघं हळू आवाजात बोलत बसले तर मासा फारसा बिचकत नाही. पण पत्र्याच्या डोंग्यात साखळी पडली, टाच आपटली किंवा वल्हं काठावर वाजलं, तर ठोका तळाच्या पत्र्यातून थेट पाण्यात जातो. पत्र्याचा डोंगा म्हणजे पाण्यावर पालथा घातलेला ढोलच. थोडक्यात, तोंडाच्या आवाजापेक्षा हातापायांचा आवाज जास्त नडतो.

आवाज नेहमीच वाईट असतो असंही नाही. तंगूस जाळं लावून मासा त्याच्याकडे हाकलायचा असेल तेव्हा काठीनं पाणी मुद्दाम बडवतात. तिथे आवाज हेच हत्यार. गळ, फेकजाळं आणि एका जागी दबा धरून बसण्याच्या मासेमारीत मात्र शांतता लागते. आवाज कधी करायचा हे आपल्या हातात असलं पाहिजे, नांगराच्या हातात नाही.

आवाज कुठून येतो, कसा मोडायचा?

*साखळी.* आकड्याच्या नांगराला 3-4 फूट साखळी जोडली की ओढ आडवी राहते आणि दोर दगडावर घासत नाही. पण तीच साखळी सगळ्यात जास्त वाजते. जुन्या सायकलची ट्यूब कापून तिच्यातून साखळी ओवली आणि दोन्ही टोकं सुतळीनं आवळली की खडखड बंद होते. ट्यूबला खाली दोन-तीन भोकं पाडावी, नाही तर आत पाणी साचून साखळी गंजते.

*डोंग्याचा काठ.* दोर किंवा साखळी काठावरून ओढताना कर्रकर्र आवाज येतो. ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी काठावर पालथी घालून आतून बांधावी. खिळे ठोकू नयेत. लाकडी डोंग्यात त्या भोकांतून पाणी मुरतं आणि पत्र्याच्या डोंग्यात गंज तिथूनच सुरू होतो.

*नांगर ठेवायची जागा.* डोंग्याच्या तोंडाशी जुन्या टायरचा तुकडा किंवा चार पदरी बारदान टाकावं आणि नांगर त्यावरच ठेवावा. ओलं बारदान रोज वाळवावं, नाही तर कुजून वास मारतं.

*टाकायची पद्धत.* नांगर फेकू नये. डोंगा जागेच्या थोडा पुढे, वारा येतो त्या बाजूला न्यावा आणि दोर हाताहातानं सोडत नांगर तळाला टेकवावा. मग वाऱ्यानं डोंगा आपोआप मागे सरकतो, आकडा रुततो आणि डोंगा पाहिजे त्या जागी येऊन थांबतो. फेकलेल्या नांगराचा धपका, उडालेला गाळ आणि वरचे बुडबुडे हे तिन्ही माशाला इशारा देतात.

*खुंटा.* बांबू ठोकून बसवू नये. दोन्ही हातांनी धरून, डावी-उजवीकडे पिळत, अंगाच्या भारानं गाळात दाबावा. टोक तिरपं कापलेलं असलं की सहज जातो. डोंगा आणि बांबू एकमेकांवर घासून करकर होते. तिथे बांबूला हातभर लांबीची ट्यूब गुंडाळावी आणि डोंगा आवळून न बांधता सैल कड्यानं अडकवावा. लाटेबरोबर कडं वर-खाली सरकलं पाहिजे.

*वल्ह्याची खुंटी.* नांगर शांत केला आणि वल्हं कुरकुरत राहिलं तर काय फायदा? खुंटीला मेण किंवा खोबरेल लावावं. इंजिनाचं जळकं तेल लावू नये. ते पाण्यात उतरतं, अन् त्याच जलाशयाचं पाणी गावागावांत प्यायला जातं.

*आतला पसारा.* डबा, बादली, बॅटरी, सुटी वल्ही. नांगर टाकण्याआधी यातलं काहीही घरंगळणार नाही असं ठेवावं. पायात चपलेऐवजी रबरी तळव्याचा बूट किंवा अनवाणी पाय बरे.

निगा : रोज, महिन्याला आणि बंदीत

*रोज.* बाहेर काढला की नांगर पाण्यातच दोन-चार वेळा खळबळून धुवावा. गाळ सुकला की आकड्याच्या सांध्यात दगडासारखा बसतो. दोर बोटांतून सरकवत गुंडाळावा. जिथे धागा तुटलेला किंवा चपटा लागेल तिथे लगेच कापून पुन्हा बांधावा. दोर ओला ठेवून वर ताडपत्री झाकू नये.

*महिन्याला.* साखळीची प्रत्येक कडी पाहावी. कडीची जाडी मूळच्या तीन-चतुर्थांशपेक्षा कमी झाली की साखळी बदलावी. जोडकड्याचा स्क्रू हातानं फिरत असेल तर त्यातून तार ओवून पीळ द्यावा. आकड्यांचे जोड तपासावे. वेल्डिंगवर केसासारखी रेघ दिसली तर तो आकडा पुढच्या ओढीला तुटणार हे नक्की. बांबूच्या पेराशी चीर गेली असेल तर त्याच्यावर भार देऊ नये. जुन्या जाळ्यात दगड बांधला असेल तर जाळ्याच्या गाठी पाहाव्या. दगड निसटला की ते जाळं पाण्यात सुटतं आणि वर्षानुवर्षं विनाकारण मासे मारत राहतं.

*बंदीचे दोन महिने.* मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा बंद काळ. हाच दुरुस्तीचा काळ. नांगराचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडून काढावा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर रंगाचे दोन हात द्यावे. आकडे सरळ झाले असतील तर लोहाराकडून तापवून वाकवून घ्यावे. थंडे ठोकले की लोखंडाला चीर जाते. बांबू सावलीत, जमिनीपासून उंच, आडवे ठेवावे. नायलॉनचा दोर उन्हात टांगून ठेवू नये. पाण्यापेक्षा उन्हानं तो जास्त लवकर मरतो.

*यंत्राचा खुंटा असेल तर.* नागपूरसारख्या शहरांतले हौशी लोक अशी यंत्रं मागवू लागले तर त्यांच्यासाठीही नियम तेच. तेलाच्या दाबावर चालणाऱ्यात तेलाची पातळी आणि नळ्यांचे सांधे पाहावे. खुंटा रात्रीतून आपोआप खाली उतरत असेल तर कुठे तरी दाब गळतो आहे. वाळू शिरून सांधे चिरचिरतात. तिथे आधी गोड्या पाण्यानं धुणं आणि मग सिलिकॉनचं वंगण. पेट्रोलियमच्या ग्रीसनं काही रबरी भाग फुगतात. झिजलेले नायलॉनचे वायसर बदलावे, ढिले नट आवळावे. पंप किंवा मोटर थेट नावेच्या पत्र्यावर न बसवता मधे जाड रबर घातलं तर गुरगुर खाली उतरत नाही. चालत्या नावेत दांडा खडखडतो, त्याला पट्ट्यानं आवळून ठेवावं. अन् ज्या माशाजवळ जायचं त्याच्या बऱ्याच अलीकडे खुंटा उतरवावा. मोटरचा आवाज कितीही कमी केला तरी शून्य होत नाही.

नांगर अडकला तर

डोंगा उलटण्याची भीती सगळ्यात जास्त इथेच असते. आकडा बुंध्यात बसतो, दोघं एकाच बाजूला येऊन ओढतात, काठ पाण्याला टेकतो अन् पाणी आत.

यावर उपाय नांगर बांधतानाच करता येतो. मुख्य दोर दांड्याच्या वरच्या कड्याला न बांधता खाली, आकडे जिथे जुळतात तिथे बांधायचा. मग तो दांड्याला लागून वर आणायचा आणि वरच्या कड्याशी सुतळीच्या दोन पदरांनी नुसता टाचायचा. रोजच्या ओढीत सुतळी टिकते आणि नांगर नेहमीसारखा धरतो. नांगर अडकला की डोंगा बरोबर त्याच्यावर न्यायचा आणि झटका द्यायचा. सुतळी तुटते, ओढ खालच्या टोकाला येते आणि आकडा उलटा होऊन निघतो. नवी सुतळी बांधली की पुन्हा तयार. जोराच्या वाऱ्यात मात्र सुतळी आपोआप तुटू शकते. अशा दिवशी दोर थेट वरच्या कड्यालाच बांधावा.

सिमेंटचा गोळा गाळात रात्रभर राहिला की चिखल त्याला ओढून धरतो. ताकद लावून काही होत नाही. डोंगा त्याच्यावर न्यावा, दोर तोंडाशी आखूड करून बांधावा आणि एका माणसानं डोंग्याच्या मध्यावरून मागे सरकावं. तोंड वर उचललं जातं आणि थोड्या वेळानं चिखल सुटतो.

तरीही निघाला नाही तर दोर कापावा. त्यासाठी धारदार चाकू डोंग्यात हाताशी बांधलेलाच असावा. शे-दोनशे रुपयांच्या लोखंडासाठी पाण्यात उडी घेणं हा सौदा तोट्याचा. बुंध्यांत आणि जुन्या तारांत अडकलेला माणूस पोहता येत असूनही वर येत नाही.

जीव आधी

हद्दीपलीकडे महाराष्ट्रानं नावेचे अपघात पाहिले आहेत. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. दशक्रियेसाठी आलेले नातलग होते ते. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कळाशीजवळ वादळी वाऱ्यानं बोट उलटली, 6 जण बुडाले. दोन्ही ठिकाणी कारण नांगर नव्हता. पण छोटी नाव किती सहज उलटते हे त्यातून कळतं. त्यामुळे हे नियम मोडू नयेत :

- वाहत्या पाण्यात डोंगा कधीच मागून किंवा बाजूनं बांधू नये. प्रवाह मागच्या काठावरून आत चढतो.
- दोराचं टोक अशा गाठीनं बांधावं की एका ओढीत सुटेल. दोराचा वेढा पायात किंवा मनगटाला कधीही घेऊ नये.
- दोन खुंट्यांत आवळलेला डोंगा वाऱ्याबरोबर फिरू शकत नाही. आभाळ भरून आलं की आधी मागचा खुंटा काढावा.
- धरणाच्या दारांजवळ, वर किंवा खाली, नांगर टाकू नये. वरच्या भागात पाऊस झाला की जाम आणि कन्हान पाहता पाहता चढतात.
- प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असावं. ते नसेल तर निदान हवा भरलेली ट्यूब दोरानं डोंग्याला बांधलेली असावी.

हद्द बदलली की नियम बदलतात

पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे दोन तालुके. इथे मध्य प्रदेशचे मत्स्य नियम लागू होतात. 10 हेक्टरपर्यंतचा तलाव ग्रामपंचायत ठेक्यानं देते, 10 ते 100 हेक्टरचा जनपद पंचायत. त्याहून मोठ्या पाण्याचा कारभार वरच्या पातळीवर चालतो. ज्या समितीचा ठेका आहे तिच्या परवानगीशिवाय तिथे डोंगा लावता येत नाही. जामचं पाणी कन्हानला मिळून महाराष्ट्रात जातं. पाणी तेच राहतं, पण हद्द ओलांडली की परवाना आणि खातं दोन्ही बदलतात. एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूला चालेल असं समजू नये.

पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयाची गोष्ट आणखी वेगळी. उद्यानातून उठवलेल्या 305 आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेशानं दिलेल्या मासेमारी परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1997 मध्ये न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत, पण कडक अटी घातल्या. त्यांत काठावर चूल पेटवू नये आणि पाण्यात प्लास्टिक टाकू नये अशाही अटी होत्या. आज तो भाग व्याघ्र प्रकल्पाचा आहे. तिथे विनापरवाना डोंगा नेणं म्हणजे सरळ वन गुन्हा.

स्फोटक टाकून किंवा विष घालून मासे मारायला 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच मनाई आहे. तोट्याच्या धमाक्यानं मोठ्या माशाबरोबर अंडी आणि बोटुकलीही मरतात. पुढच्या दोन हंगामांची कमाई एका दिवसात संपते.

डोंगा सोडण्याआधी पाहून घ्या

1. तळ कोणता : गाळ, वाळू की गोटे? त्याप्रमाणे नांगर घेतला का?
2. दोर खोलीच्या पाचपट आहे का? तुटके धागे आहेत का?
3. साखळीवर ट्यूब, काठावर पट्टी, नांगराखाली बारदान आहे का?
4. आकड्याची सुतळी नवी आहे का?
5. चाकू हाताशी आहे का?
6. जॅकेट किंवा ट्यूब माणसागणिक आहे का?
7. ठेका किंवा परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत आहे का?

यातलं बहुतेक सामान सायकलच्या दुकानात टाकून दिलेल्या ट्यूबमधून, घरातल्या बारदानातून आणि लोहाराच्या अर्ध्या तासाच्या कामातून उभं राहतं. 15 ऑगस्टला बंदी उठते आणि दुसऱ्या दिवशी डोंगे पाण्यात उतरतात. तोवर एक दिवस नांगरासाठी काढला की पुढचे दहा महिने बिनघोर जातात.